यावेळी तरी मुलगा हवा होता!

(कौटुंबिक जीवन अभ्यासपाठ : घरी आणि लहान ख्रिस्ती समूहात वाचण्यासाठी)



काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आपल्या चर्चमध्ये एका बाळाचा स्नानसंस्कार झाला. आईवडील, आजी, धर्ममातापिता आणि सारख्याच फ्रॉकमधल्या दोन मोठ्या बहिणी असा सारा परिवार पुढच्या बाकावर बसला होता. ही तिसरी मुलगी. विधी आटोपला, फोटो काढून झाले आणि नेहमीप्रमाणे आपण सगळे दाराशी अभिनंदनाला जमलो. "बाळ गोड आहे हं," कुणी म्हणाले. लगेच दुसऱ्याने जोड दिली, "यावेळी तरी मुलगा हवा होता." एका मावशींनी धीर दिला, "असू दे गं, देवाची मर्जी. अजून तुझं वय गेलेलं नाही." एका काकांनी वडिलांच्या पाठीवर थाप मारली, "आता तीन लग्नं! लाग कामाला."

वडील हसले. आई बाळाची टोपी सारखी करत राहिली.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी प्रार्थनेला गेलो. चहा घेताना त्या माउलीने सांगितले, की त्या रात्री थोरल्या मुलीने तिला विचारले, "आई, बाळ आपल्याला नको होतं का?" आणि थोडे थांबून, "आणि मी?"

त्या दाराशी आम्हीही होतो. आम्हीही असेच काहीतरी बोललो असू, किंवा ऐकून गप्प राहिलो असू. म्हणून हा पाठ दुसऱ्या कुणाला शिकवण्यासाठी नाही. आपण सर्वांनी मिळून शिकायचा आहे.

प्रेमाने बोललेले शब्द

आईवडिलांवर मुलासाठी दबाव येतो असे म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर सुनेला छळणारी सासू किंवा दारू पिऊन मारणारा नवरा येतो. तशी घरे आहेत. पण बहुतेक घरांत हा दबाव ओरडून येत नाही. तो आशीर्वादातून येतो, थट्टेतून येतो, पेढ्यांच्या पुड्यातून येतो.

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी किंवा जिलेबी, ही आपल्याकडची रीत. डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. गर्भवतीने एक उघडायची. पेढा निघाला की बायका टाळ्या वाजवतात. बर्फी निघाली तर कुणीतरी म्हणते, "पुन्हा उघड, ही धरायची नाही." खेळच तो, पण पोटातल्या बाळाला अजून नावही नसते आणि आपण त्याच्याबद्दल आपली पसंती सांगून मोकळे झालेलो असतो. 'पहिली बेटी धनाची पेटी' ही म्हण आपण मुलीच्या कौतुकासाठी वापरतो. पण त्यातला 'पहिली' हा शब्द नीट ऐका. दुसरीसाठी म्हण नाही, तिसरीसाठी तर नाहीच.

हा भार आईवर पडतो हे आपण जाणतो. बापावरही तो पडतो, मात्र त्याबद्दल सहसा बोलले जात नाही. कारखान्यात पाळी बदलताना, एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत त्याला 'तीन मुलींचा बाप' म्हणून हसतात. तो घरी येऊन काही बोलत नाही. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ बायको आपल्या मनाने लावते. आणि ज्यांना दोन्ही मुलगेच आहेत, त्यांनाही आपण सोडत नाही. "एक तरी मुलगी हवी होती, शेवटी मुलगीच बघते," असे त्या मुलांसमोरच म्हणतो. तेव्हा त्या मुलग्यांनी काय समजावे?

घाटाच्या पलीकडे घडलेली गोष्ट

हे शब्द कुठवर जाऊ शकतात, याचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून प्रतापगडाच्या वाटेला लागलो, की सातारा जिल्हा सुरू होतो. आपली सोयरीक, बाजारहाट, महाबळेश्वरची रोजंदारी अशा कितीतरी निमित्तांनी आपण तो घाट चढतो-उतरतो.

त्या सातारा जिल्ह्यात दोन-तीन मुलींवर आणखी मुलगी झाली तर तिचे नाव 'नकुशा' किंवा 'नकुशी' ठेवायची चाल काही घरांत होती. नकुशी म्हणजे नको असलेली. असे नाव ठेवले की देवाला कळते आणि पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत. मुलीला हे नाव शाळेच्या पटावर लागायचे, शिधापत्रिकेवर लागायचे. हजेरीच्या वेळी गुरुजी रोज तिला त्याच नावाने हाक मारायचे आणि ती 'हजर' म्हणायची.

सातारा जिल्हा परिषदेने गावोगावी अशा मुलींचा शोध घेतला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात त्यांच्या नामकरणाचा एक समारंभ केला. दोनशेहून अधिक मुली नवे कपडे घालून, वेण्या घालून आल्या. आपले नवे नाव त्यांनी स्वतः निवडावे असे ठरले होते. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. नव्या नावाचे प्रमाणपत्र आणि फुलांचा गुच्छ घेऊन त्या घरी गेल्या. जगभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी छापून आली.

'सावित्री' हे नाव आपल्याला परके नाही. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर आणि महाडवरून समुद्राला मिळणारी आपली नदी याच नावाची. मुलींची शाळा चालवण्यासाठी लोकांचे शेणगोळे झेलणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचा जन्म सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा, १८३१ सालचा. त्यांच्याच जिल्ह्यात, त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनीही, मुलींना नकुशी म्हटले जात होते.

'नकुशी' हे नाव ठेवणारे आईबाप राक्षस होते का? नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्या मुलींना वाढवले, शाळेत घातले. त्यांनी फक्त चारचौघे जे दाराशी बोलत होते, ते कागदावर लिहिले. आपण कागदावर लिहीत नाही. पण त्या थोरल्या बहिणीने दाराशी ऐकलेला शब्द नेमका हाच होता.

आकडे काय सांगतात

निसर्गनियमाने दर १००० मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्माला येतात. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोजदाद केली, तेव्हा १९९१ च्या जनगणनेत दर १००० मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या. २००१ साली त्या ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४. वीस वर्षांत दर हजारी ५२ मुली कमी झाल्या. बीड जिल्ह्यात २०११ साली हा आकडा ८०७ होता. घाटापलीकडच्या सातारा जिल्ह्यातही तो नऊशेच्या खालीच होता.

या मुली रोगाने गेल्या नाहीत. गर्भजल परीक्षा आणि पुढे सोनोग्राफी आली. बाळाचे व्यंग ओळखण्यासाठी, बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून आलेली ही साधने मुलगी ओळखून तिला पोटातच संपवण्यासाठी वापरली गेली. मुंबईतल्या स्त्री संघटनांनी १९८० च्या दशकात याविरुद्ध आवाज उठवला आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. १९९४ साली संसदेने सगळ्या देशासाठी कायदा केला. तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली अधिक कडक झाला.

हा कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे. बाळाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने सांगणे हा गुन्हा आहे. मुलगा की मुलगी हे समजावे म्हणून तपासणी करून घेणाऱ्या नातेवाइकांनाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्यात आणखी एक कलम आहे, ते आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. एखाद्या गर्भवतीने अशी तपासणी करून घेतली असेल, तर ती नवऱ्याने किंवा नातलगांनी भाग पाडल्यामुळेच केली, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे दुसऱ्या बाजूने सिद्ध करायचे असते. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते, की ती बाई दवाखान्यात एकटी जात नाही. तिच्यामागे घर उभे असते, आणि घरामागे गाव.

एक खुलासा. सोनोग्राफी करणे हा गुन्हा नाही. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी आईने अवश्य करून घ्यावी. भीतीपोटी ती टाळू नये. फक्त 'काय आहे?' हा प्रश्न विचारू नये.

मुलगा की मुलगी, हे कशावरून ठरते?

आजही आपल्या घरांत मुलगी झाली की आईकडे बोट दाखवले जाते. म्हणून शाळेत शिकलेली गोष्ट पुन्हा सांगतो. आईच्या बीजात नेहमी एकाच प्रकारचे गुणसूत्र असते, त्याला एक्स म्हणतात. पित्याच्या बीजात एक्स किंवा वाय यांपैकी कोणतेही एक असू शकते. एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. हे १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधक स्त्रीने आणि एडमंड विल्सन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले.

तेव्हा दोष आईचा नाही हे उघड आहे. पण कृपा करून आता तो बापाच्या माथी मारू नका. कोणते बीज पुढे जाईल हे त्याच्याही हाती नसते. आणखी एक. बाळाचे लिंग गर्भ राहतो त्या क्षणीच ठरलेले असते. त्यामुळे 'मुलगा होण्यासाठी' म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिला जाणारा काढा किंवा पुडी लिंग बदलू शकत नाही. देणाऱ्याचे पैसे होतात आणि आईच्या पोटात नको ती वस्तू जाते. शेजारीण कितीही मायेने घेऊन आली तरी ती घेऊ नये.

पवित्र शास्त्राच्या प्रकाशात

कुणी म्हणेल, पवित्र शास्त्रातसुद्धा मुलग्यांचीच ओढ दिसते. हे काही अंशी खरे आहे. जुना करार ज्या समाजात लिहिला गेला, तो समाज आपल्यासारखाच होता. लेवीयच्या बाराव्या अध्यायात मुलगा झाल्यावर आईचे सोयर चाळीस दिवसांचे आणि मुलगी झाल्यावर ऐंशी दिवसांचे सांगितले आहे. त्या समाजातच देव कसकसा बोलत गेला, ते चार प्रसंगांत पाहू.

पहिला प्रसंग हन्नाचा (१ शमुवेल, अध्याय १). तिला मूल नव्हते. सवत पनिन्ना तिला डिवचत असे, आणि नेमके केव्हा? दरवर्षी सारे कुटुंब देवाच्या मंदिरी यज्ञाला जाई तेव्हा. बोचणारा शब्द उपासनेच्या वाटेवरच बोलला जात होता. हन्ना जेवत नसे, रडत राही. मंदिरात ती ओठ हलवत प्रार्थना करू लागली, तर याजक एलीने तिला दारू प्यालेली समजले. त्या दुःखात तिने देवाजवळ मुलगा मागितला. तिला दोष कोण देईल? मात्र पुढच्या अध्यायात लिहिले आहे, की शमुवेलानंतर देवाने तिला तीन मुलगे आणि दोन मुली दिल्या.

दुसरा प्रसंग पवित्र मारियेच्या आईचा. तो बायबलमध्ये नाही. दुसऱ्या शतकात लिहिलेल्या, याकोबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका प्राचीन ग्रंथात तो येतो. संत ज्वाकिम आणि संत अन्ना यांना मूल नव्हते, म्हणून ज्वाकिमला मंदिरात अर्पण करताना अडवले गेले, असे तिथे सांगितले आहे. दुःखी अन्नाने प्रार्थना केली. देवदूताने तिला मूल होणार असे सांगितले, तेव्हा तिने वचन दिले, की मुलगा होवो वा मुलगी, ते बाळ देवाला वाहीन. पुढे सुईणीने मुलगी झाल्याचे सांगितले, तेव्हा अन्नाने आनंदाने देवाचा गौरव केला. हन्ना आणि अन्ना, नाव एकच. पण या दुसऱ्या आईच्या नवसात अट नाही. आपण नोव्हेना करतो, मोत माउलीला मेणबत्ती वाहतो, तेव्हा यांपैकी कुणासारखी प्रार्थना करतो? ज्या माउलीजवळ आपण 'मुलगाच दे' म्हणून मागतो, ती स्वतः तिच्या आईवडिलांची लेक होती. तिचा जन्मदिवस ८ सप्टेंबर हा भारतातली ख्रिस्तसभा कन्या दिन म्हणून पाळते, तो याचसाठी.

तिसरा प्रसंग गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायातला. सलाफहाद नावाचा मनुष्य वारला. त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. पाचही जणींची नावे शास्त्राने जपली आहेत : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. त्या मोशेसमोर, याजकासमोर आणि साऱ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव त्याच्या कुळातून का पुसले जावे? आम्हाला जमिनीचा वाटा द्या. मोशेने हे देवापुढे ठेवले. देवाने उत्तर दिले, की या मुली योग्य बोलत आहेत. 'वंशाला दिवा हवा' म्हणणाऱ्यांनी हा अध्याय घरी वाचावा. सलाफहादचे नाव आज तीन हजार वर्षांनी आपल्या कानांवर पडते, ते त्याच्या मुलींमुळे.

चौथा प्रसंग आपण सगळे जाणतो. याईर हा सभास्थानाचा अधिकारी, गावातला मोठा माणूस. तो भर गर्दीत येशूच्या पाया पडला. कशासाठी? बारा वर्षांच्या लेकीसाठी. संत लूक सांगतो, की ती त्याची एकुलती एक मुलगी होती. वाटेत निरोप आला, मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास कशाला? येशू थांबला नाही. घरी पोहोचल्यावर त्याने म्हटले की मुलगी झोपली आहे, तर जमलेले लोक त्याला हसले. तेव्हा येशूने काय केले ते संत मार्कच्या पाचव्या अध्यायात नीट पाहा. त्याने त्या सगळ्यांना घराबाहेर काढले. आत ठेवले ते फक्त मुलीच्या आईला, बापाला आणि आपल्या तीन शिष्यांना. मग मुलीचा हात धरून तिला उठवले, आणि तिला काहीतरी खायला द्या असे सांगितले.

या प्रसंगावर आपण बऱ्याच वेळा प्रवचन ऐकले आहे, पण त्या बाहेर काढलेल्या लोकांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ते वाईट लोक नव्हते. दुःखाच्या घरी जमलेले शेजारीपाजारी होते. पण मुलीला उठवायचे तर त्यांचा आवाज त्या खोलीत नको होता. लेक, तिचे आईबाप आणि प्रभू, एवढे पुरे होते. बाळाच्या जन्माच्या वेळी आपण त्या दाराच्या आत असतो की बाहेर काढण्याजोगे? आणि ते शेवटचे वाक्यही विसरू नये. मुलीला जेवू घाला. ज्या घरात दूध आधी मुलग्याला आणि उरले तर मुलीला मिळते, त्या घरासाठी प्रभूचे हे सांगणे आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

पोटातले बाळ हे गर्भधारणेपासून माणूस आहे आणि त्याचा जीव घेणे हे गंभीर पाप आहे, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. १९८७ साली रोमहून निघालेल्या जीवनदानाविषयीच्या शिकवणपत्रात आणि पुढे धर्मशिक्षण ग्रंथातही असे स्पष्ट म्हटले आहे, की लिंग किंवा अन्य गुण आधी ठरवून मनाजोगे मूल निर्माण करू पाहणे हे मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे. त्याच धर्मशिक्षण ग्रंथात मूल म्हणजे कुणाची मालमत्ता किंवा येणे नव्हे, ती देणगी आहे, असे शिकवले आहे. देणगी आली की आपण घेतो. तिच्यावर आपली मागणी लिहून पाठवत नाही.

पण ही शिकवण पुस्तकात शोधायची गरज नाही. आपल्या स्नानसंस्कारातच ती आहे. दाराशी धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात तो बाळाचे नाव काय ठेवता हा. मुलगा का मुलगी, कितवी, हे विचारत नाहीत. पाणी एकच, ख्रिस्मा तेल एकच, पांढरे वस्त्र एकच, पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली ज्योत एकच. याजक, संदेष्टा आणि राजा असलेल्या ख्रिस्ताच्या नावाने मुलग्याला अभिषेक होतो, तसाच मुलीला होतो. ख्रिस्तसभेने मुलींसाठी वेगळा, छोटा विधी कधी लिहिला नाही. वेगळा विधी आपण दाराबाहेर करतो.

इथे एक गोष्ट हळुवारपणे सांगायची आहे. हा लेख वाचणाऱ्यांत अशी एखादी आई, असा एखादा बाप असेल, ज्यांनी या दबावाखाली पूर्वी कधीतरी गर्भपाताचा मार्ग धरला आणि ते ओझे आजवर कुणाला न सांगता वाहिले. त्यांना टाळण्यासाठी हे लिहिलेले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली दयेच्या वर्षाच्या समारोपाला सर्व धर्मगुरूंना या पापाची क्षमा देण्याचा अधिकार कायम केला. प्रायश्चित्त संस्काराचे दार उघडे आहे. या, कुणी तुम्हाला हिशेब विचारणार नाही.

'म्हातारपणाची काठी' आणि खऱ्या काळज्या

मुलगा हवा असण्यामागे नुसता हट्ट नसतो, काळजीही असते. आपल्या भागातली तरणी मुले वर्षानुवर्षे मुंबईला कामाला जातात आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांवर घरे चालतात. मुलगी लग्न होऊन जाणार, मग म्हातारपणी कोण बघणार? जमीन कुणाच्या नावे? हे प्रश्न खरे आहेत. त्यांना टाळून नुसता उपदेश केला, तर तो घरापर्यंत पोहोचणार नाही.

तर काही गोष्टी जाणून घ्या. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात निकाल दिला, की लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही 'अपत्य' म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही. जमीनजुमल्याबाबत, आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना सामान्यतः लागू होणाऱ्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा-मुलगी असा भेदच नाही. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले सगळ्या मुलांना सारखे. पुष्कळ घरांत मुलींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि मग 'मुलगी काय कामाची' असेही म्हटले जाते. आधी तिचा वाटा काढून घ्यायचा आणि मग तिने काठी व्हावे अशी अपेक्षा धरायची, हे न्यायाचे नाही.

राज्य शासनाची 'लेक लाडकी' योजनाही आहे. पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबात १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या एक किंवा दोन मुलींना, अटी पूर्ण झाल्यास, जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने मिळून १ लाख १ हजार रुपये दिले जातात. आपल्या अंगणवाडीताईंना विचारा. फॉर्म भरायला अडचण असेल तर चर्चमधले तरुण मदत करतील.

आणि मुलीला शिकवा. याच महाडला डिसेंबर १९२७ मध्ये झालेल्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या गरीब स्त्रियांना आवर्जून सांगितले होते, की मुलांबरोबर मुलींनाही शिक्षण द्या. आज आपल्या ओळखीच्या किती घरांत नर्स, शिक्षिका, अंगणवाडी सेविका झालेली लेक आईबापांचे औषधपाणी बघते, ते मोजून पाहा.

आपण काय करू शकतो?

दबाव आपण सगळ्यांनी मिळून तयार केला आहे, तर आपण सगळ्यांनी मिळून तो काढूनही घेऊ शकतो. त्यासाठी पैसा लागत नाही. पुढील गोष्टी आपण आपल्या धर्मग्रामात ठरवूया.

१. बाळाच्या जन्माची बातमी कळली की पहिला प्रश्न 'काय झालं?' हा न विचारता 'आई आणि बाळ बरी आहेत ना?' असे विचारू.

२. पेढे किंवा बर्फी, जे परवडेल ते. पण मुलगा असो की मुलगी, एकच.

३. डोहाळजेवणातला वाट्यांचा खेळ बंद करू. त्याऐवजी घरातल्या वडीलधाऱ्या बाईने आई आणि बाळासाठी आशीर्वादाची प्रार्थना म्हणावी.

४. कुणी 'यावेळी तरी' म्हणून सुरुवात केली, तर जवळ असणाऱ्याने बाळाचे नाव विचारून विषय बदलावा. भांडायचे कारण नाही. आईला कळते, की कुणीतरी आपल्या बाजूने उभे राहिले.

५. सासू, नणंद, जाऊ यांच्याकडे बोट दाखवण्याआधी घरातल्या पुरुषांनी तोंड उघडावे. 'आम्हाला मुली आहेत आणि आम्ही आनंदात आहोत,' एवढे वाक्य बापाने चारचौघांत म्हटले, तर आईच्या अंगावरचा अर्धा भार उतरतो.

६. मुलासाठी सुनेला त्रास होत आहे असे समजले, तर 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून गप्प बसू नये. धर्मगुरूंना, सिस्टरांना किंवा समूहाच्या प्रमुखांना सांगावे. महिला मदतवाहिनी १८१ या क्रमांकावर आहे.

समूहात चर्चेसाठी

अ) आपल्या स्वतःच्या जन्माच्या वेळी घरात काय बोलले गेले, हे आपल्याला कुणी सांगितले आहे का? ते ऐकून काय वाटले?

आ) गेल्या वर्षभरात आपण एखाद्या आईवडिलांना मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल काय म्हटलो? ते शब्द पुन्हा आठवून बोलून पाहा.

इ) मार्क ५:३५-४३ वाचा. येशूने लोकांना बाहेर का काढले असेल? आपल्या समूहाने कोणते आवाज बाहेर काढायला हवेत?

ई) आपल्या घरात मुलीच्या नावे काय आहे? खाते, जमीन, शिक्षणाची तरतूद?

त्या थोरल्या मुलीच्या प्रश्नाला आईने काय उत्तर दिले, हे आम्ही विचारले. ती म्हणाली, "मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, तू झालीस तेव्हा मी पहिल्यांदा आई झाले." मुलीचे तेवढ्याने समाधान झाले. पण त्या मुलीचा प्रश्न तिच्या आईला नव्हता. तो दाराशी जमलेल्या आपल्याला होता आणि आपण अजून उत्तर दिलेले नाही. पुढच्या स्नानसंस्काराला आपण पुन्हा त्याच दाराशी जमू, तेव्हा ती दोघी बहिणींसह तिथेच कुठेतरी उभी असेल आणि ऐकत असेल.

प्रार्थना : हे प्रभो, तू याईराच्या लेकीचा हात धरलास, तसा आमच्या लेकींचा धर. आमच्या जिभेला आवर घाल. ज्या आईवडिलांना आम्ही शब्दांनी दुखावले त्यांना बळ दे, आणि जे बाळ तू आमच्यात पाठवशील त्याचे निखळ आनंदाने स्वागत करण्याची कृपा आम्हाला दे. आमेन.